खिशातलं सामान, बॅगेतलं सामान

अलास्कात रस्ता न पोहोचलेल्या नद्यांवर सामन मासे धरायला जाणाऱ्या हौशी मंडळींची पहिली गाठ माशाशी नव्हे, वजनकाट्याशी पडते. अँकरेजच्या लेक हूडवर, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या जगातल्या सर्वांत गजबजलेल्या तळावर, सामानाबरोबर माणसाचंही वजन विचारतात. लाजेखातर पाच-सात किलो कमी सांगणारे तिथेही असतातच.

तिथलं लाडकं ‘बीव्हर’ विमान १९४७ साली पहिल्यांदा उडालं. १९६७मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तरी आजही ते राबतंय. इंधन, माणसं, सामान धरून त्याचा सगळा भार सुमारे २३०० किलोंच्या आत बसवावा लागतो. म्हणजे माणशी वीस-बावीस किलो सामानाची अट ही वैमानिकाची मनमानी नव्हे. सुटकेस तर नकोच; मऊ बॅग कुठल्याही सांदीत कोंबता येते.

‘असू दे, लागली तर’ म्हणून भरलेली जादा जीन्स आधी बाहेर काढावी. भिजली की ती लवकर वाळत नाही. त्या जागी रेनकोट, लोकरीचे मोजे आणि तीन-चार दिवसांची जास्तीची औषधं घ्यावीत, कारण धुकं उतरलं की न्यायला विमान येत नाही. अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानात चेक-इनलाही चालत नाही. तो अँकरेजमध्येच विकत घ्यावा. छोट्या विमानात तो केबिनबाहेर, विमान ज्यांवर तरंगतं त्या खालच्या फ्लोटच्या कप्प्यात जातो. आत फुटला तर आधी वैमानिकाचेच डोळे जातील!

अलास्काच्या कायद्यानुसार अनेक वर्षं विमानात माणशी आठवड्याचं अन्न, कुऱ्हाड, चाकू, डासांसाठी तोंडावरची जाळी आणि चक्क गळ-दोरासुद्धा लागायचा. कायदा शहाणाच. पण त्याच्या भरवशावर प्रवाशानं निर्धास्त बसणं शहाणपणाचं नाही. ९ ऑगस्ट २०१० रोजी मासेमारीच्या तळाकडे निघालेलं ‘ऑटर’ विमान डिलिंगहॅमजवळ डोंगरावर आदळलं. नऊपैकी पाच जण दगावले, त्यांत माजी सिनेटर टेड स्टीव्हन्सही होते. संकटसंदेश पाठवणारं यंत्र विमानात होतं, पण धडकेत ते बैठकीतून निखळलं आणि अँटेनापासून तुटलं. जखमींना बाहेर काढायला दुसरा दिवस उजाडला.

म्हणून जीव वाचवणाऱ्या वस्तू बॅगेत भरूच नयेत. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र, लायटर, चाकू आणि रोजच्या गोळ्या जॅकेटच्या चेनवाल्या खिशात हव्यात. लाइफ जॅकेट उड्डाणाआधीच अंगात घालावं. फुगवायचं मात्र विमानातून बाहेर पडल्यावरच, कारण बुडत्या केबिनमध्ये फुगलेला माणूस दारातून निघत नाही.