जुन्या मोटारीचे मोल आणि तिची किंमत

नायगाव स्थानकाच्या पश्चिमेस एका वाडीत, आंब्याच्या झाडाखाली, गेली सात वर्षे एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. गाडी १९८६ सालची. मालक दिवंगत झाले, मुले दूर गेली, आणि गाडीवर ताडपत्री आली. आमचे एक स्नेही, निवृत्त मुख्याध्यापक, ती विकत घेऊन पूर्ववत करण्याच्या विचारात आहेत. घरच्यांनी किंमत सांगितली आहे दीड लाख रुपये. आणि ती सांगताना ‘व्हिंटेज आहे’ असा शेराही मारला आहे.

या शेऱ्याचा समाचार आधी घेतला पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदविता येते. त्यासाठी २० हजार रुपये शुल्क आहे, आणि तशी नोंदणी झाल्यावर गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन व देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे ही पद्मिनी २०३६ पूर्वी व्हिंटेज होत नाही. आणि झालीच, तर तिच्यातून रोज भाजी आणता येणार नाही. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने केवळ एक जुनी मोटार आहे.

पण भाव चढविणारे कारण कायद्यात नाही, ते मनात आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीसाठी एके काळी मध्यमवर्गीय माणूस पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि ती प्रतीक्षा ओसरली. मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदविली गेली. तिची वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून नाहीशी झाली. वृत्तपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले, आणि ज्याच्या अंगणात पद्मिनी कुजत होती त्याला आपल्या घरी ठेवा असल्याचा साक्षात्कार झाला!

आमचे म्हणणे असे की, विकणाऱ्याच्या आठवणींचे पैसे घेणाऱ्याने देऊ नयेत. त्याने पत्र्याचे आणि कागदाचे पैसे द्यावेत. इंजिनाची फारशी चिंता नको. १०८९ सीसीचे ते साधे यंत्र कोणताही जुना मिस्त्री डोळे मिटून उघडील, आणि सुटे भाग कुर्ल्याच्या नाहीतर चोरबाजाराच्या गल्ल्यांत अजून शोधले तर सापडतात. खरा शत्रू गंज. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही; पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि चाकांच्या कमानी गेल्या, की कणाच गेला. त्यातून नायगावची हवा! एका बाजूस वसईची खाडी, आसपास मिठागरे. इथे खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे चाळीस वर्षांचा पत्रा काय टिकणार? पाहणीला जाताना खिशात लोहचुंबक न्यावा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे, पत्रा नाही. चटई उचलून खालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहावा. मालकास राग आला, तर तो राग हीसुद्धा एक माहितीच समजावी.

कागदांची कथा याहून लांब. वडिलांच्या नावावरची गाडी आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावे व्हावी लागते, मगच २९ आणि ३० हे विक्रीचे नमुने. इतर वारसांची संमती हवी. नोंदणी २०२१ साली संपली आहे. वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२५ साली १० हजार रुपये झाले. शिवाय विलंबापोटी दरमहा ५०० रुपये, आणि पर्यावरण कर निराळा. जिची नोंदणीपुस्तिका हरवली आहे आणि चॅसिस क्रमांक गंजून वाचता येत नाही, ती गाडी फुकट मिळाली तरी महागच.

आमच्या स्नेह्यांनी कागद घेऊन हिशेब मांडला. हाताचा फळा सुटला तरी सवय सुटत नाही. मिस्त्रींच्या अंदाजाने पत्रा व रंग १ लाख १० हजार. इंजिन व ब्रेक ४० हजार. वायरिंग, आसने आणि रबरी भाग ३० हजार. (आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलात जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा टिकत नाहीत, त्या बदलणे भागच.) या १ लाख ८० हजारांवर चौथा हिस्सा, ४५ हजार, न दिसणाऱ्या दोषांसाठी. कागदपत्रे ४० हजार. एकूण २ लाख ६५ हजार. तयार गाडीचे, गिऱ्हाईक भेटलेच तर, तीन लाख येतील असे धरले, तर आज द्यावयाची किंमत ३५ हजार. आकडे या एका गाडीचे आहेत. वजाबाकीची रीत मात्र कोणत्याही गाडीला लागू पडावी.

छंदाला हिशेब कसला, असे कोणी म्हणतील. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसच्या बाबतीत ते खरे असेल. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याचा छंद हिशेबाविना सुरू झाला, तर तो अर्ध्यावर थांबतो, आणि सुटी केलेली गाडी उभ्या गाडीपेक्षाही कमी मोलाची ठरते. अशा अर्धवट उघडलेल्या गाड्या, पोत्यांत भरलेल्या त्यांच्या अवयवांसह, कोणत्याही गॅरेजच्या मागे दिसतील. खरे तर हौस असेल त्याने लाख-सव्वालाख अधिक देऊन चालू स्थितीतली, कागद चोख असलेली गाडी घ्यावी; अखेरीस तीच स्वस्त पडते.

तरीही वाडीतल्या घरी जाऊन एकदम ३५ हजार म्हणणे बरे नव्हे. त्या गाडीतून कोणी लग्नाला गेले असेल, कोणाला शेवटचे रुग्णालयात नेले असेल. स्नेह्यांनी म्हणून तोंडी भाव सांगितलाच नाही. हिशेबाचा कागद मालकाच्या पत्नीपुढे ठेवला. बाईंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, ‘रंगाला एवढे लागतात?’ एवढेच विचारले, आणि मुलाशी बोलून सांगते म्हणाल्या. त्याला दोन महिने झाले. पावसाळा तोंडावर आहे, आणि ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली आहे.