घराचा फोटो काढण्यापूर्वी

पूर्वी घर विकायचे म्हटले की पारावर चार जणांच्या कानावर घातले तरी पुरे होई. घेणारा पंचक्रोशीतलाच असे. घराचे वासे किती आणि गळते कुठे, हे त्याला आपल्याइतकेच ठाऊक असे. आता मुले नोकरीसाठी शहरात, गावातले घर कुलपात, आणि घेणाराही दूरचा. तो आधी मोबाईलवर जाहिरात बघतो. फोटो मनास आला तर गावाकडे येतो, नाहीतर दुसरे घर बघतो. म्हणून फोटोची तयारी नीट करायला हवी.

पहिली तयारी माणसांची. घर वडिलोपार्जित असेल तर भावाबहिणींना आधी सांगा. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने अशा मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क दिला आहे. माहेरची ओसरी विकायला काढल्याचे बहिणीला परक्याच्या मोबाईलवरून कळले, तर तिला काय वाटेल? शिवाय पुढे तिची सही अडली की सौदाही अडेल.

मग आवराआवर. ओसरीवरची खताची पोती, फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या आणि मोटारसायकल हलवा. वळणीवरचे कपडे, खिळ्यांवरच्या पिशव्या, जुनी कॅलेंडरे उतरवा. जळमटे काढा, खिडक्यांची गजे पुसा, अंगण झाडून सडा घाला. खोली अगदी रिकामी मात्र करू नका. एखादी खाट किंवा दिवाण राहू द्या, म्हणजे खोली केवढी आहे याचा अंदाज येतो.

जे घराबरोबर द्यायचे नाही, ते फोटोत येऊ देऊ नका. दाराशी जाते आणि माजघरात पितळी घंगाळ दिसले, की गिऱ्हाईक ते आपलेच धरून चालते. परसामागचे शेत विकायचे नसेल तर तेही चौकटीबाहेर ठेवा. देव्हारा, वाडवडिलांच्या तसबिरी, दागिन्यांचे कपाट आणि लहान मुले जाहिरातीत नकोत. नमुना आठचा उतारा, मिळकत पत्रिका किंवा आधार कार्ड यांचे फोटो तर मुळीच टाकू नका. खरे गिऱ्हाईक घरी येईल, तेव्हा कागद समोर बसून दाखवा.

आता प्रत्यक्ष फोटो. मोबाईलची काच मऊ फडक्याने पुसा. घर पूर्वाभिमुख असेल तर दर्शनी फोटो सकाळी काढा, पश्चिमाभिमुख असेल तर दुपार कलल्यावर. भर बारा वाजता अंगण पांढरे फटक आणि ओसरी काळी दिसते. आतले फोटो दिवसा, दारेखिडक्या सताड उघडून काढा. उजेड पाठीशी किंवा बाजूला असावा. खिडकीकडे तोंड केले तर खोली अंधारी येते. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहा, मोबाईल आडवा आणि छातीच्या उंचीवर सरळ धरा. तो कलला की भिंतीही कलल्यासारख्या दिसतात. दर्शनी बाजू, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, नळ किंवा आड आणि घरापर्यंतचा रस्ता, एवढे फोटो हवेतच. लांबून येणाऱ्या माणसाला पाण्याची आणि वाटेची काळजी आधी असते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. स्वच्छता करा, पण लपवाछपवी नको. ओल आलेल्या भिंतीवर फोटोपुरता चुना फासला तर तो टिकत नाही. पापुद्रे सुटतात आणि डाग वर येतो. तडा गेलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवून काय साधणार? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, घेणाऱ्याला नीट पाहूनही सहज न दिसणारा मोठा दोष आपल्याला ठाऊक असेल, तर तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. तेव्हा ओलीचाही एक फोटो काढा आणि खाली लिहा, ‘पावसाळ्यात या भिंतीला ओल येते.’ असे लिहिल्याने दोन गिऱ्हाइके कमी येतील. पण जे येईल ते भाडे खर्चून आल्यावर फसल्यासारखे परत जाणार नाही आणि भाव करताना आपला शब्द खरा धरील.

शेवटी, घरात सासूबाई, आई किंवा आजी असतील तर सामान हलवण्यापूर्वी त्यांना विचारा. त्यांचा सारा जन्म त्या चुलीपुढे गेलेला असतो. आवराआवर करण्याआधी घर जसे आहे तसे, वळणीवरच्या लुगड्यासकट आणि उंबऱ्यावर बसलेल्या आजीसकट, दोन-चार फोटो वेगळे काढून ठेवा. ते जाहिरातीत घालायचे नाहीत. छापून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक द्या, बहिणीलासुद्धा. घर दुसऱ्याच्या नावावर होईल, पण नातवंडांना दाखवायला ते जवळ असतील.