'रिकामी' जमीन

'रिकामा' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. निवृत्त झाले त्या आठवड्यापासून लोक विचारायला लागले, "काय बाई, आता रिकाम्याच ना?" त्याआधी माझ्या सासूबाईंना लोक हेच म्हणत. चार मुलं, दोन म्हशी, येणारंजाणारं सांभाळून त्या 'घरी रिकाम्याच' असायच्या. तेव्हापासून कुणी कशाला रिकामं म्हटलं की मी आधी बघते, म्हणणाऱ्याला तिथे काय ठेवायचंय.

सध्या हा शब्द आमच्या दाराशी आलाय. मी मुलुंड पूर्वेला राहते. घरापासून पूर्वेकडे चालत गेलं की हायवे लागतो, आणि हायवेच्या पलीकडे खाडीपर्यंत मिठागरं. म्हणजे होती, आणि जागा म्हणून अजून आहेत. २०२४ साली यातली एकूण २५५.९ एकर जमीन धारावी प्रकल्पातल्या भाड्याच्या घरांसाठी द्यायचं सरकारने ठरवलं. कांजूरच्या आर्थर आगराची १२०.५ एकर, कांजूर-भांडुपच्या जेंकिन्स आगराची ७६.९ आणि आमच्या मुलुंडच्या जमास्प आगराची ५८.५. जमीन केंद्राची, मागणी राज्याची, आणि त्याआधी शहराच्या २०३४ च्या विकास आराखड्याने मिठागरांवर परवडणाऱ्या घरांसाठी दार किलकिलं करून ठेवलेलंच होतं. टीव्हीवरचे तज्ज्ञ, वर्तमानपत्रांतले अग्रलेख आणि आमचा पुण्याचा भाचा (तो स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे घरात त्याच्या मताला फार वजन) सगळ्यांचं वाक्य एकच. "एवढी जमीन रिकामी पडून आहे, मावशी! मुंबईत! माणसांना राहायला जागा नाही!"

आता जरा भूगोलाचा तास.

मिठागर कसं चालतं ते मुंबईतल्या पोरांना मी दरवर्षी सांगायचे, कारण पुस्तकात ते दोन ओळींत उरकलेलं असायचं. पावसाळा संपला की बांध दुरुस्त करायचे. उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि मोठ्या तळ्यात साठवायचं. तिथून ते उथळ वाफ्यांत सोडायचं, उन्हाने आटू द्यायचं. वाफ्यामागून वाफा पाणी दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. ते काढायचं, ढीग रचायचे, पावसाआधी हलवायचे. हे जमायला जमीन कशी लागते? भरतीच्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम बरोबरीची. समुद्राचं पाणी आपल्या पायाने आत यायला हवं, ही मिठागराची पहिली अट. ज्या जमिनीची पहिली अट 'इथे पाणी आलं पाहिजे' अशी आहे, तिच्यावर आपण घरं बांधायला निघालोय!

पावसाळ्यात मीठ बंद, पण वाफे काही सुट्टीवर जात नाहीत. ते पाणी धरून बसतात. आमच्या बाजूला उतार कसा आहे बघा. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, तिथून पाणी पूर्वेकडे धावतं. वाटेत एलबीएस रोड, रेल्वे, हायवे, आणि मग मिठागर, खारफुटी, खाडी. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नाल्यांच्या तोंडातून पाणी बाहेर पडत नाही, उलट खाडीच आत यायला बघते. त्या तीन-चार तासांत डोंगरावरून आलेलं पाणी थांबणार कुठे? एक तर मिठागरात, नाहीतर आपल्या जिन्यात.

भाच्यासाठी एक साधं गणित मांडलं होतं, ते इथेही देते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. २५५.९ एकर म्हणजे साधारण १० लाख ३५ हजार चौरस मीटर. त्यावर फक्त एक फूट पाणी उभं राहिलं असं धरा. ते होतं सुमारे ३१ कोटी ५६ लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तसे एकतीस हजारांहून जास्त टँकर! एवढं पाणी जी जमीन काही तास एक पैसा न घेता अंगावर धरू शकते तिला 'रिकामी' म्हणतात. आणि हेच काम करणारी टाकी जमिनीखाली बांधायची झाली की तिला 'पायाभूत सुविधा' म्हणतात, निविदा निघते, नारळ फुटतो.

भाचा म्हणाला, भराव घालू, जोतं उंच घेऊ, पाणी घरात शिरणार नाही. खरं आहे. त्या घरांत नाही शिरणार. पण पाणी तेवढंच राहणार ना? शेजारी उंच झाला की तुम्ही खोलगट होता. जी अडवलेली जागा, तेवढं पाणी हायवेच्या अलीकडच्या वस्तीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. त्या दिवशी आमचे हे कुर्ल्याहून घरी पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. मिठीच्या काठाला भराव घालून घालून ती नाल्याएवढी केली होती. एक नदी आवळून झाली, आता खाडीचा काठ घ्यायचाय.

बरं, कायदा काय म्हणतो? कायदा शब्दांनी चालतो, आणि शब्द हा माझा विषय. पाणथळ जागांच्या संरक्षणाचे २०१७ चे नियम काढून वाचा. पाणथळ म्हणजे काय याची लांबलचक व्याख्या आहे आणि शेवटी वगळलेल्या गोष्टींची यादी. त्या यादीत मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या जागा आहेत. का, तर त्या माणसाने केल्यात. पाण्याला हे कोण सांगणार, की बाबा रे, हा बांध मनुष्यनिर्मित आहे, इथे साठू नकोस? मग २०१९ ची किनारा नियमन अधिसूचना. तिच्याआधी खाडीकाठी भरतीरेषेपासून शंभर मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढं, यातलं कमी ते अंतर धरायचं होतं. त्या शंभराचे पन्नास झाले. समुद्र काही पन्नास मीटर मागे गेलेला नाही. आणि आपल्या शहराचा विकास आराखडा! आधीच्या आराखड्यात ज्याला 'ना विकास क्षेत्र' म्हणत होते, त्यातला बराचसा भाग नव्या आराखड्यात 'विशेष विकास क्षेत्र' झाला. 'ना'चं 'विशेष'! एखाद्या विद्यार्थ्याने विरुद्धार्थी शब्दाच्या जागी असं लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते.

याच जमिनीवरून २०२० मध्ये केवढा तमाशा झाला ते आठवतंय का? तेव्हाच्या राज्य सरकारने मेट्रोची कारशेड आरेमधून हलवून कांजूरला न्यायचं ठरवलं. केंद्राने सांगितलं, ही मिठागराची जमीन आमची आहे. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, डिसेंबर २०२० मध्ये कामाला स्थगिती मिळाली. दोन वर्षं चर्चा चालली ती जमीन कुणाची, यावर. जमीन कशाची, हा प्रश्न दोन्हीकडच्या थोड्याच लोकांनी विचारला. चार वर्षांत चित्र पालटलं, केंद्र आणि राज्य यांचं जमलं, आणि तीच मिठागरं द्यायला हरकत उरली नाही. मीठ आयुक्तांचं मुख्यालय जयपूरला आहे, हे सांगितलं की मुलं वर्गात नेहमी हसायची. आता मला हसू येत नाही.

पक्ष्यांबद्दल दोनच वाक्यं, नाहीतर "मावशीला माणसांपेक्षा फ्लेमिंगो प्यारे" हे ऐकावं लागेल. याच खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर यादीत जागा मिळाली, तेव्हा सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी अभिमानाने फोटो टाकले होते. असो.

आता जे लिहिणार आहे ते आमच्या कॉलनीतल्या पुष्कळांना आवडणार नाही. आमच्याकडे या प्रकल्पाला विरोध आहे, मोर्चे निघाले, मीही दोन वेळा छत्री घेऊन उभी राहिले. पण व्हॉट्सॲपवर जे फिरतं ते वाचून मान खाली जाते. "ते लोक इथे नकोत." "मुलुंडचं धारावी होईल." कोण हो ते लोक? आपल्या घरची भांडी, आपल्या बॅगा, आपले चामड्याचे पट्टे, दिवाळीच्या पणत्या कुठून येतात? धारावी ही मुळात खाडीकाठची कोळ्यांची वस्ती. एकोणिसाव्या शतकात शहराला चामड्याचा वास नकोसा झाला, कुंभारांच्या भट्ट्यांचा धूर नकोसा झाला, तेव्हा त्यांना तिकडे दलदलीत लोटलं. त्यांनी ती दलदल स्वतःच्या हाताने भरली, शंभर-सव्वाशे वर्षं तिथे कमावलं, आणि आज ती जमीन शहराच्या मधोमध आली, बीकेसीला लागून. आता सोन्याची झाली. आणि २००० सालानंतर आलेले, वरच्या मजल्यावर राहणारे, अशा कितीतरी जणांना सांगतात की तुम्ही धारावीत घराला पात्र नाही, बाहेर जा. बाहेर म्हणजे कुठे? मिठागरात. नाहीतर देवनारच्या कचराडेपोवर, तिथलीही १२४ एकर याच प्रकल्पाला दिली आहे. एका दलदलीतून उठवून दुसऱ्या दलदलीत, आणि जोडीला कचऱ्याचा डोंगर!

म्हणून माझा विरोध आहे, आणि तो 'ते लोक इथे नकोत' वाल्यांपेक्षा वेगळा मोजावा ही विनंती. त्या माणसांना मुलुंडला घर द्या, स्टेशनजवळ द्या, माझ्या शेजारच्या इमारतीत द्या, मी पोह्यांची बशी घेऊन जाईन. भरतीच्या पातळीवर देऊ नका. कोरडी जमीन ज्याची ऐपत आहे त्याला आणि ओली ज्याची नाही त्याला, अशी वाटणी करून वर तिला 'पुनर्वसन' म्हणू नका. ज्याला घर मिळतंय तो तक्रार करत नाही, म्हणून त्याच्या वतीने कागदावर पूरपातळी कुणी तपासायची नाही का?

"मग जमीन आणायची कुठून?" हा प्रश्न मला आतापर्यंत वीस जणांनी विचारलाय. मंडळी, जमीन होती. गिरण्यांची सुमारे ६०० एकर, शहराच्या मध्यावर, रेल्वेच्या दोन्ही मार्गांना लागून. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. तिसरा हिस्सा संपूर्ण जमिनीचा नाही, तर फक्त तिच्यातल्या 'मोकळ्या' जमिनीचा, असा. जिथे गिरणीच्या भिंती उभ्या होत्या, ती जागा हिशेबातून बाहेर. वाटणीला उरलं काय, तर अंगण. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधात निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम टिकला. तिथे आज काय उभं आहे ते परळहून लोअर परळला जाताना मान वर करून बघा. मान दुखेल.

म्हणजे बघा, तेव्हा गरिबाचा वाटा कमी करायचा होता तर 'रिकामी' चा अर्थ चिमटीएवढा केला. पत्र्याची शेड असली तरी जमीन रिकामी नाही! आणि आता खाडीची जमीन घ्यायची आहे तर त्याच शब्दाचा अर्थ एवढा ताणला की भरतीचं पाणी, पावसाचं पाणी, बांध, खारफुटीची रोपं, सगळं असूनही ती रिकामी. शब्द तोच, शहर तेच.

भाच्याचं शेवटचं म्हणणं असं, की मीठ आता तिथे नाहीसारखंच निघतं, मग त्या जागेचा उपयोग काय? वडाळ्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये हजारो माणसांनी लाठ्या खाल्ल्या, मूठभर मिठासाठी. त्या आठवणीसाठी मिठागरं ठेवा असं मी म्हणणार नाही, आठवणींवर जमिनी राखायला मी काही संस्थानिक नाही. मीठ थांबलं असेल, पाणी यायचं थांबलेलं नाही एवढंच त्याला सांगितलं. त्याने जमिनीच्या पातळ्यांचा नकाशा मागितला. मी म्हटलं, मलाही तोच हवाय, आणि घरं बांधणाऱ्यांनी भूमिपूजनाआधी तो चौकात लावावा, पंचवीस-पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेघ लाल शाईने काढून. लोकांना वाचता येतं.

तर एक काम आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या मिठागरांचे जुलै-ऑगस्टमधले फोटो कुणाकडे असतील तर मला हवे आहेत. हायवेवरून, गाडीच्या खिडकीतून काढलेले, डोकं आडवं आलेलं असलं तरी चालतील. फक्त तारीख पाहिजे, आणि जमल्यास त्या दिवशीच्या भरतीची वेळ. नव्वदच्या दशकातले कागदी फोटो असतील तर स्कॅन करून द्यायला माझी सून तयार आहे. पांढरे ढीग दिसणारे नकोत, ते सगळ्यांकडे आहेत. पाणी भरलेलं दिसणारे पाठवा.