भात आहे, कालवण कुठे आहे?

मालवण, आचरा, देवगडच्या किनाऱ्यावर म्हातारी माणसं उपाशी आहेत, असं कुणी म्हणणार नाही. भात पोटभर आहे. माझी तक्रार भाताबरोबर ताटात काय पडतं, याबद्दल आहे.

सिंधुदुर्गाची लोकसंख्या 2001 मध्ये 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. तरुण मुंबईला जातात, आपले बरेचसे आखातात. मागे घर, कलमं आणि म्हातारी माणसं, पुष्कळदा एकटी बाई. एकटीसाठी मासळी कशाला आणायची, हे वाक्य हिंदूंच्या घरातही ऐकू येतं आणि आपल्याही. सकाळची पेज, दुपारचा भात, रात्री तोच भात लोणच्याबरोबर.

रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य फुकट मिळतं. ते सगळं तांदूळ धरलं तर दिवसाला साधारण 165 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 13 ग्रॅम प्रथिनं. 55 किलो वजनाच्या बाईला लागतात सुमारे 46. वय झालं की भूक कमी होते, हे खरं. पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. स्नायू झिजतात, तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं आणि मग मुलाला विमानाचं तिकीट काढावं लागतं.

वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा साठीपासून ऐंशीपर्यंत महिना 200 रुपये. 2007 पासून तेवढाच. राज्याने भर घालून 1500 केले, तेही अगदी गरिबांना. त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या आणि विजेचं बिल टळत नाही. टळतो तो बांगडा. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा तर खारवलेली सुकी मासळी हाच आधार, आणि नेमकं तेच मीठ डॉक्टरांनी बंद केलेलं.

ज्यांच्याकडे मुलाचे पैसे येतात त्यांचं तरी काय? आई ते मे महिन्यासाठी राखते. मुलं आली की सुरमई. फोनवर आपण विचारतो, "जेवलीस?" ती म्हणते, "जेवले." कालवण कशाचं केलंस, हे विचारून बघा.

आपल्यात आईबापांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणं हे मुलांवर आधीच फर्ज आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही निर्वाहात अन्न पहिलं येतं. त्यामुळे गावच्या जमातीला रक्कम पाठवली म्हणून घरचा हिशेब फिटत नाही.

आणि जमातींनीही रमजानचं किट जरा उघडून पाहावं. साखर, शरबत, मैदा, तेल. घेणारी बाई मधुमेहाची! शिवाय ते वर्षातून एकदाच. जकात आगाऊ द्यायला शाफई मसलकात मुभा आहे. मग गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांची यादी करून दर महिन्याला दोन किलो मसूर डाळ, तीस अंडी आणि किलोभर कुळथाचं पीठ घरपोच द्यायला काय हरकत आहे? पिठी दात नसले तरी खाता येते, दहा मिनिटांत होते. शेजारच्या हिंदू आजीचं नाव यादीत घालायचं असेल तर तिच्यासाठी सदका वापरावा. त्याला धर्माची अट नाही. पोचवायला मात्र मदरशातली पोरं न पाठवता कुणीतरी मोठ्या माणसानं जावं, पाच मिनिटं बसावं आणि मागच्या महिन्याची अंडी तिनेच खाल्ली की नातवासाठी ठेवली, तेही विचारून यावं.