माल चालतो, माणूस चालत नाही!

मुक्त व्यापाराचा उदोउदो करणाऱ्या राष्ट्रांची खरी परीक्षा बंदरावर होत नाही. ती व्हिसाच्या खिडकीवर होते. मोटारी, मद्य, भांडवल आणि विमा कंपन्या यांना सीमेचे बंधन नसावे, असा उपदेश जगाला करणारी हीच राष्ट्रे दारात भारतीय अभियंता उभा राहिला की एकाएकी सार्वभौमत्वाची भाषा बोलू लागतात.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटनेबरोबर सेवा व्यापाराचा करार, अर्थात 'गॅट्स', अमलात आला. सेवांच्या देवाणघेवाणीचे चार मार्ग त्यात सांगितले आहेत. तिसरा मार्ग भांडवलाचा : परदेशी कंपनीने आपल्या देशात येऊन पेढी थाटायची. चौथा माणसाचा : व्यावसायिकाने काही काळ परदेशी जाऊन सेवा द्यायची. तिसरा त्यांच्या सोयीचा, चौथा आपल्या. गेल्या तीन दशकांत तिसऱ्या मार्गाचा राजरस्ता झाला. चौथ्याची पाऊलवाटच राहिली.

अमेरिकेचेच पाहा. विशेष कौशल्याच्या व्यवसायांसाठी वर्षाला ६५,००० परदेशी व्यक्तींना प्रवेश देण्याची हमी तिने याच करारात लेखी दिली आहे. हमी मोडायची नाही, पण दार मात्र अरुंद करायचे, ही युक्ती पुढे सापडली. २०१० साली ज्या कंपन्यांचे निम्म्याहून अधिक कर्मचारी अशा व्हिसावर आहेत, त्यांच्यावर एच-१बी अर्जामागे २,००० डॉलरचा जादा आकार बसला. कायद्यात भारताचे नाव नव्हते. पण या वर्णनात प्रामुख्याने कोण बसते, हे सांगायला ज्योतिषी नको! हा पैसा मेक्सिकोच्या सीमेवरील बंदोबस्तासाठी होता. पुण्या-बंगळुरूच्या संगणक अभियंत्याचा त्या सीमेशी संबंध काय, हे कोणी विचारू नये. २०१५ अखेर हा आकार दुप्पट झाला. २०१६च्या मार्चमध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नोंदवली. निवाडा काही झाला नाही. आणि सप्टेंबर २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. एच-१बी मिळवणाऱ्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतीय असतात, हे लक्षात घेतले की हा आसूड कोणाच्या पाठीवर पडला ते कळते.

करारात माणसांची सोय करता येत नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. २००३च्या करारांनुसार चिलीला १,४०० आणि सिंगापूरला ५,४०० व्हिसा राखून मिळाले, तेही याच ६५,०००मधून काढून! ऑस्ट्रेलियासाठी २००५ साली अमेरिकी संसदेने १०,५०० व्हिसांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. मित्रांसाठी जागा निघते. भारताची वेळ आली की स्थलांतर हा व्यापाराचा विषय नव्हे, असे उत्तर मिळते.

वस्तुतः येथे स्थलांतराचा प्रश्नच नाही. नागरिकत्व आणि कायमची नोकरी यांना गॅट्स लागू नाही, हे त्याच्या परिशिष्टातच नमूद आहे. काम करून परतणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. परतताना त्याच्या हाती काय पडते? अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारणतः दहा वर्षांचा भरणा लागतो. एच-१बीची सर्वसाधारण मुदत सहा वर्षांची. म्हणजे वेतनातून कापून घ्यायचे आणि बहुतेकांना लाभ द्यायचा नाही! अनेक देशांशी अमेरिकेने यावर करार केले; भारताची मागणी वर्षानुवर्षे पडून राहिली.

ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या करारात एक गोष्ट चांगली साधली : तात्पुरत्या कामासाठी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना तीन वर्षे तेथील सामाजिक सुरक्षेच्या भरण्यातून सूट. त्याचे श्रेय वाटाघाटी करणाऱ्यांना दिलेच पाहिजे. पण उरलेला हिशेब पाहा. स्कॉच व्हिस्कीवरील दीडशे टक्के आयात शुल्क प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे आपण मान्य केले. आपल्याला काय मिळाले? बल्लवाचार्य, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार मिळून वर्षाला १,८०० जणांची सोय. योग आणि संगीत यांचा आम्हांला अभिमानच आहे. परंतु भारताची ओळख भोजन आणि आसने एवढ्यावरच थांबवायची काय? ऑक्टोबर २०२५मध्ये पंतप्रधान स्टार्मर व्यापारी शिष्टमंडळ घेऊन मुंबईला आले, तेव्हाही व्हिसाचा विषय आपल्या योजनेत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. विकायला यायचे, पण माणसांचे नाव काढायचे नाही!

'आपली बुद्धिमत्ता देशातच राहू दे' असे म्हणणारे स्वदेशीचे अभिमानी आपल्यातही आहेत. त्यांची तळमळ खरी आहे. मात्र अनुभव आणि भांडवल घेऊन परतणारा व्यावसायिक ही हानी नव्हे. शिवाय जायचे की नाही, हे त्या तरुणाने ठरवावे. परदेशी कारकुनाने नव्हे.

दोष सगळा परक्यांचा मात्र नाही. सिंगापूरशी २००५ साली झालेल्या करारात लेखापाल, वास्तुविशारद, डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका यांच्या पात्रतेला परस्पर मान्यता देण्याची तरतूद होती. परिचारिकांसाठीचा करार २०१८ साली झाला. तेरा वर्षे! मान्यतेवाचून व्हिसा म्हणजे नुसता कागद. पुढच्या कोणत्याही करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी व्हिसाची संख्या, शुल्काची कमाल मर्यादा, निवृत्तिवेतनाचा परतावा आणि पात्रतेची मान्यता ही चारही कलमे मूळ मसुद्यात असावीत, आणि आयात शुल्कातील आपली सवलत त्यांच्या अंमलबजावणीशी टप्प्याटप्प्याने बांधलेली असावी.