सोळा सेंटिमीटरची पद्मिनी

आमची प्रीमियर पद्मिनी २००४ साली बहिणीच्या लग्नासाठी विकली. या दिवाळीच्या सुट्टीत ती पुठ्ठ्याची बनवायला घेतली. प्रमाण १:२४. मूळ गाडी जवळपास ३.९ मीटर लांब, म्हणजे मॉडेल सोळा सेंटिमीटरच्या थोडं वर.

मुलगा म्हणाला, "अब्बू, बाजारात तयार मिळते की, काळी-पिवळी!"

मिळते. पण ती मुंबईची टॅक्सी. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ केली. बडनेऱ्याच्या पद्मिनीची बातमी कोण करणार? कुर्ल्याच्या कारखान्यातून सगळ्या सारख्याच निघायच्या, आमची इथे येऊन वेगळी झाली. डिकी सुतळीने बांधलेली. स्टेअरिंगजवळचा गिअर टाकताना अब्बांचा खांदा वर जायचा. आणि मागच्या डाव्या बाजूला पोचा.

बीएडला आम्ही शैक्षणिक साहित्य बनवायचो, बहुतेक परीक्षकाला दाखवण्यापुरतं. आता तर शाळेतले प्रकल्पही दुकानातून येतात, चकचकीत. माझं मत विचाराल तर स्वतःच्या गाडीचं मॉडेल चकचकीत असूच नये. पोचा गाळला तर ती कंपनीची गाडी, आपली नाही.

अर्थात हे मत मला सोपं गेलं नाही. तो पोचा स्टेशनबाहेर रिव्हर्स घेताना मीच पाडला होता आणि अब्बांना रिक्षावाल्याचं नाव सांगितलं होतं. ते गेले, खरं सांगायचं राहिलं.

परवा पुठ्ठा जरा ओला करून अंगठ्याने दाबला. मुलाने विचारलं, "हा कुणी पाडला होता?"

या वेळी रिक्षावाल्याला मधे आणलं नाही.