दोन सुतांचा संसार

ऑफिसातलं कार्पेट स्वच्छ दिसतं तेव्हा ते कुणीतरी सुट्टीच्या दिवशी धुतलेलं असतं, हे आपल्या गावीही नसतं. मला हे माहीत आहे, कारण धुणारा माझा मित्र आहे. कॉल सेंटरची नोकरी सोडून त्याने दोन माणसं आणि एक सेकंड हॅण्ड मशीन एवढ्यावर धंदा थाटला. मशीन गरम पाणी फवारतं आणि मळकं पाणी लगेच ओढून घेतं. ज्या दांडीतून हे सगळं चालतं, ती वाँड.

पठ्ठ्याने वाँड मागवली अमेरिकन, आणि मशीनची जोडणी आपल्याकडची. दोन्हींवर 'पाव इंच' लिहिलेलं, तरी जमेना. पत्रिका जुळली, मनं नाही!

गंमत म्हणजे, पाइपच्या आट्यांत पाव इंच हा पाव इंच नसतोच. पाव इंची बीएसपी निपल बाहेरून मोजा, १३ मिलिमीटर भरेल. नाव पडलं ते जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या भोकावरून. त्यातही आपल्या बीएसपीत इंचाला १९ आटे, कोन ५५ अंशांचा. अमेरिकन एनपीटीत १८ आटे, कोन ६० अंशांचा. पहिले दोन-तीन फेरे छान बसतात, मग अडतं. पान्याने जोर लावाल तर पितळ चिरेल. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, चुकीचे आटे ती बरोबर करत नाही.

थोडं गळलं तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. पाण्याची जोडणी गळली की कार्पेट खालपर्यंत भिजतं. हवेची गळली की ओढ कमी पडते आणि पाणी आतच राहतं. पुण्याच्या जुलैत ते दोन दिवसांत वाळत नाही. मग कुबट वास, मग तक्रार, मग कॉन्ट्रॅक्ट गेलं. मित्राचा मशीनचा हप्ता मात्र कुठेही जात नाही.

म्हणून आम्ही रविवार पेठेतली बोहरी आळी गाठली. काउंटरमागच्या चाचांनी नमुना हातात घेतला, आट्यांवरून नख फिरवलं आणि निकाल दिला, "ये अपना नहीं, बाहर का है. टर्नर के पास जाओ." सुटे भाग विकायची संधी सोडून दुसऱ्याकडे पाठवणारा दुकानदार मॉलमध्ये भेटतो का हो?

नाना पेठेतल्या लेथवाल्याने षटकोनी पितळी सळईतून तुकडा कापला. एका तोंडाला बीएसपी, दुसऱ्याला एनपीटी. पैसे दोन कॅपुचिनोंइतके. ओढणाऱ्या नळीचं काम आणखी सोपं निघालं: रबरी कपलिंग आणि दोन होज क्लिप. पुढच्या ऑर्डरनंतर त्या ऑफिसातून कुणाचाच फोन आला नाही. या धंद्यात यालाच कौतुक म्हणतात.

तुम्हालाही असली हौस असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. फोनवरचा फोटो नको, नमुना खिशात न्या. पेठेत माप सुतात सांगा; आठ सूत म्हणजे एक इंच, त्यामुळे आपला पाव इंच झाला दोन सूत. गरम पाण्याच्या वाटेवर साधं पीव्हीसी नको, ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, पितळच घ्या. आणि घरातल्या कोरड्या व्हॅक्यूम क्लीनरने पाणी ओढायचा प्रयोग तर मुळीच नको, शॉक बसेल.

निघताना मित्र घासाघीस करायला लागला, तसा लेथवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, दोन करून घ्या. एक हरवणारच."

आम्ही दोन घेतले.